सासूबाईंची दृष्ट कोणी काढायची?

आता आम्ही लंडनच्या एजवेअरला राहतो. डावीकडे गुजराती, उजवीकडे तमिळ, समोर रोमानियन. सगळे सज्जन आणि सगळे गप्प. कुठल्या रंगाचा कचऱ्याचा बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, एवढ्याच विषयावर आमच्या रस्त्यात चर्चा होते. अशा शांततेत जरा जास्त दिवस काढले की मला बेडफर्डची आठवण येते. तिथल्या एका विटकरी रंगाच्या रस्त्यावर मी तीन वर्षं घरजावई होतो. तिथे तुम्ही स्वयंपाकघरात शिंकलात, तर समोरच्या घराची खिडकी उघडायची आणि काल ओल्या केसांनी बाहेर कोण गेलं होतं याचा जाब विचारला जायचा.

घरजावई म्हटल्यावर तुम्ही गालातल्या गालात हसलात ते मला इथून दिसलं. हसा. आमचं घर घेणं ऐनवेळी फिसकटलं, बायको म्हणाली, दोन महिने आईकडे राहू, आणि त्या दोन महिन्यांना कोणी थांबाच म्हणालं नाही. नागपूरला माझ्या आईनं भिशीच्या बायकांना सांगून टाकलं की सासरची माणसं पोराला प्रेमानं सोडायलाच तयार नाहीत. बेडफर्डला माझ्या सासूबाईंनी याच्याही पुढची उडी मारली. मी रोज सकाळी ट्रेन-बस करत केंब्रिजला नोकरीला जायचो. कार पार्कच्या दारातला तो आडवा दांडा असतो ना, गाडी आली की वर, गेली की खाली, त्याचं सॉफ्टवेअर आमची कंपनी लिहायची. सासूबाईंनी यातला 'केंब्रिज' एवढाच शब्द उचलला आणि रविवारी चर्चमध्ये जाहीर केलं की जावई केंब्रिजचा प्रोफेसर आहे. त्यानंतर अख्ख्या चर्चमधल्या म्हाताऱ्या मला वाकून नमस्कार करायच्या. मी खोटं बोललो नाही. मी फक्त उलटा नमस्कार करायचो.

आता या घराण्याची ओळख करून देतो. माझे सासरे आणि त्यांचा भाऊ दक्षिण इटलीतल्या एका डोंगरावरच्या खेड्यातून बेडफर्डच्या विटांच्या भट्ट्यांवर मजूर म्हणून आले. तेव्हा तिकडून गावंच्या गावं आली होती. माझे सासरे म्हणायचे, की लंडनची कुठलीही भिंत फोडा, आतली एक तरी वीट मी भाजलेली निघेल. या दोन भावांनी आपल्याच गावातल्या दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. थोरली माझी सासू. धाकटी माझी मावससासू, आणि धाकट्या भावाची बायको म्हणून चुलतसासूही तीच. म्हणजे एकाच बाईला मला दोन नमस्कार घालावे लागायचे. तिला सगळे झिया म्हणत, म्हणजे मावशी, म्हणून मीही झियाच म्हणायचो. दोघींची घरं समोरासमोर. मी तिथे राहायला गेलो तोवर दोन्ही भाऊ देवाघरी गेले होते, आणि दोन विधवा बहिणी आपापल्या खिडकीतून एकमेकींवर पहारा ठेवून होत्या.

हेवा म्हणजे काय, हे मला नागपुरात पाच चुलत्यांच्या घरात राहूनही नीट कळलं नव्हतं. ते बेडफर्डला कळलं. झियाला तीन मुलगे, सासूबाईंना एकच मुलगी. झियाच्या घराला गॅरेज, सासूबाईंच्या घराला नाही. झियानं नवीन पडदे लावले की आठवड्याभरात आमच्याकडे त्याहून लांब पडदे यायचे, आणि शेवटी शेवटी तर आमचे पडदे इतके लांब झाले की त्यांच्यात पाय अडकून मी दोनदा पडलो. ईस्टरची गोड रोटी दोघीही भाजायच्या, एकमेकींना पाठवायच्या, आणि समोरचीची रोटी चाखून दोघीही तेच वाक्य म्हणायच्या: "बरी आहे, पण आईसारखी नाही."

पण सासूबाईंकडे एक गोष्ट होती जी झियाकडे नव्हती, आणि तिच्यापुढे तीन मुलगे आणि गॅरेज म्हणजे कचरा होता. सासूबाईंना दृष्ट काढता यायची.

त्यांच्या पद्धतीत मीठ-मोहऱ्या नाहीत. सूप प्यायची खोलगट थाळी घ्यायची, तीत पाणी. ती ज्याला दृष्ट लागली त्याच्या डोक्यावर धरायची, करंगळी ऑलिव्हच्या तेलात बुडवायची आणि पाण्यात थेंब सोडायचे. सोबत ओठातल्या ओठात काही शब्द. थेंब गोल, टुणटुणीत राहिले तर दृष्ट नाही. पसरले, फाटले, तर आहे. मग थेंब गोल राहीपर्यंत पुन्हा पुन्हा तेच करायचं. हे करताना काढणाऱ्या बाईला जांभया येतात, कारण ती बाधा तिच्या तोंडावाटे बाहेर पडते म्हणे. सासूबाईंची जांभई मी पाहिलेली आहे. एका नव्या नवरीची दृष्ट काढताना त्यांनी अशी जांभई दिली की खिडकीचा पडदा आत ओढला गेला आणि मांजर कपाटाखाली गेलं. डोकं दुखणारे, झोप न लागणारे, ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास होणारे, असे रस्त्यावरचे सगळे इटालियन आमच्या स्वयंपाकघरात रांग लावायचे, आणि झिया समोरच्या खिडकीतून ती रांग बघायची.

ते शब्द सासूबाईंना त्यांच्या आईनं दिले होते. हे शब्द बाईनं रक्ताच्या बाईलाच द्यायचे, आणि तेही फक्त ख्रिसमसच्या आदल्या दिवशी. वर्षातल्या बाकी कुठल्याही दिवशी दिले तर त्यांत जोर राहत नाही. झिया दर वर्षी त्या दिवशी विचारायची, "मलाही दे की." सासूबाई दर वर्षी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी बघू." खरं तर ते माझ्या बायकोला मिळायचे होते. पण ती पंधरा वर्षांची असताना जांभई बघून फिदीफिदी हसली होती, आणि त्याच क्षणी तिचा हक्क गेला. आज ती हॉस्पिटलमध्ये फिजिओ आहे, लोकांच्या पाठी सरळ करते, पण सासूबाईंच्या मते ती विद्या किरकोळ.

या विद्येत एक मोठी गोम होती. काढणाऱ्या बाईला स्वतःची दृष्ट स्वतः काढता येत नाही.

आणि एका सप्टेंबरात सासूबाईंनाच दृष्ट लागली.

झालं असं. त्या वर्षी आमच्या मागच्या अंगणात टोमॅटो असे आले की एकेक टोमॅटो उचलायला दोन माणसं लागायची. झिया आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काय टोमॅटो आहेत गं तुझे!" एवढंच. त्यांच्यात कुठल्याही गोष्टीचं कौतुक केलं की लगेच 'देव भलं करो' असं म्हणायचं असतं, नाहीतर ते कौतुक बाधतं. झिया ते म्हणाली नाही. विसरली असेल, किंवा तोंडात बिस्किट असेल. संध्याकाळी सासूबाईंचं डोकं ठणकायला लागलं ते थांबेचना.

जीपीकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे, नेलं. ब्लड प्रेशर बघितलं, रक्त तपासलं, डोळे तपासले, शेवटी मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटोही काढले. "मम्मा, डोक्यात काहीच सापडलं नाही," असं मी आनंदानं सांगितलं, तर त्यांनी पायातली सपात काढून मला दाखवली.

"मला माहीत आहे काय आहे ते," त्या म्हणाल्या. "आणि कोणाची आहे तेही माहीत आहे."

"मग तिलाच सांग ना काढायला," माझी बायको म्हणाली. "या ख्रिसमसला ते शब्द दे आणि मोकळी हो."

"जिनं लावली तिलाच काढायला सांगू? चोराच्या हातात किल्ली?"

बस. पेच असा होता. दुखणारं डोकं सासूबाईंचं, ते थांबवू शकेल असं रक्ताचं माणूस जगात एकच, ते रस्त्याच्या पलीकडे, आणि संशयही त्याच माणसावर. सासूबाईंनी तेलाचे थेंब सोडणं बंद केलं. दुखऱ्या डोक्यानं दुसऱ्याचं डोकं बरं होत नाही म्हणाल्या. आमच्या दारातली रांग मोडली. जेवण अळणी व्हायला लागलं. रविवारचा सॉस, जो सकाळपासून रटरटत ठेवून त्या चर्चला जायच्या आणि ज्याच्या वासानं मी अंथरुणातून उठायचो, तो एके रविवारी बाटलीतला आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून सासूबाईंच्याही आलं.

इथे माझ्या आईचा प्रवेश होतो. आई आणि सासूबाई यांची भाषा एक नाही. आई मराठीत बोलायची, सासूबाई आपल्या डोंगराच्या बोलीत. तरी दर शनिवारी दोघी व्हिडिओ कॉलवर तासन् तास बोलायच्या. एकीनं वांगं दाखवायचं, दुसरीनं आपलं वांगं दाखवायचं, आणि दोघींनी मान हलवायची. मी किंवा बायको मधे पडलो तर आमचाच अडथळा व्हायचा. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी सासूबाई कपाळाला रुमाल बांधून फोनपुढे बसल्या. आईनं एका नजरेत ओळखलं.

"काय करून राहिला रे तू?" आई माझ्यावर खेकसली. "त्या बाईले दृष्ट लागली, दिसत नाही का तुले?"

"अगं, त्यांची पद्धत वेगळी आहे."

"पद्धत गेली खड्ड्यात. भिवापुरी मिरच्या दिल्या होत्या ना मी बॅगेत? काढ."

मी सासूबाईंना सांगितलं की माझी आई तिथूनच, म्हणजे नागपूरहून, दृष्ट काढायला तयार आहे. सासूबाईंनी थोडा विचार केला. रक्ताचं नातं नाही, पण विहीण आहे, आणि मुख्य म्हणजे ती समोरच्या घरातली नाही. त्यांनी होकार दिला. मुठीत सुक्या मिरच्या, मीठ, मोहऱ्या घेऊन मी त्यांच्याभोवती ओवाळायला लागलो, आणि फोनमधून आई म्हणायला लागली, आल्याची, गेल्याची, शेजारणीची, पाजारणीची, घरच्याची, दारच्याची...

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"संशयितांची यादी वाचतेय."

"तिला सांग, माझ्या बहिणीला पहिला नंबर दे."

मी सांगितलं. आईनं दिला.

आता ओवाळलेलं विस्तवात टाकायचं असतं. तिथे कुठला विस्तव? मी गॅसवर बिडाचा तवा लाल होईस्तोवर तापवला आणि सगळी मूठ त्यावर सोडली.

भिवापुरी मिरचीबद्दल मी काही सांगायला नको. आधी एक निळसर धूर निघाला, मग तो वळला, मग तो आमच्याकडे बघायला लागला. सासूबाई खोकल्या. मी खोकलो. घरातले सगळे स्मोक अलार्म एका सुरात बोंबलायला लागले. मी घाबरून मागचं दार उघडायच्या ऐवजी पुढचं उघडलं, आणि धूर रस्त्यावर फिरायला गेला. पोस्टमन शेजारच्या कुंपणात बसला. कोपऱ्यावरच्या कुत्र्यानं तोंड पंजात खुपसलं. पार नदीत पोहणारी बदकं शिंकली असं लोक नंतर सांगत होते, आणि मी ते नाकारलेलं नाही.

तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं. झिया! अर्ध्या केसांना काळा डाय, अर्धे पांढरे, एका पायात सपात, दुसरा मोकळा. रस्त्यावर गाडी येतेय का हेही तिनं बघितलं नाही. हातात मोठं पातेलं, ते दोन्ही कानांना धरलेलं. माझी बहीण, माझी बहीण, असं ओरडत ती आत घुसली आणि पातेलं सरळ तव्यावर उपडं केलं. जेवणासाठी गॅसवर चढवलेला पास्ता होता तो, पाण्यासकट. तवा विझला. माझे पाय भाजले. भिंतीला पास्ता चिकटला, तो पुढे वर्षभर टाइल्सच्या फटींतून सापडत होता.

सासूबाई खोकत होत्या. झियानं त्यांना कुशीत धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, कपाळाचा रुमाल सोडून त्यानंच त्यांचं तोंड पुसलं. हे मी बघितलं, बायकोनंही बघितलं. ती नुकतीच शिफ्ट करून आली होती आणि दारात बॅग धरून उभी होती.

फोनमधून आईचा आवाज आला. "ठसका लागला का रे?"

"लागला!" मी ओरडलो. "अख्ख्या बेडफर्डला लागला!"

"मग काहीच नाही. दृष्ट असती तर मिरच्या जळून जळून वाससुद्धा आला नसता. कोणाची नजर नाही तिले. सांग तिले, सुखी राहा म्हणावं." आणि आईनं समाधानानं फोन ठेवला.

मी सांगितलं. मला वाटलं, आनंद होईल.

सासूबाईंनी हळूच झियाचा हात बाजूला केला. "नाही म्हणजे? अजिबात नाही?"

"अजिबात नाही, मम्मा. चांगली बातमी आहे."

"कोणाचीच नाही?"

झियाला आता कुठे उमगलं की आग लागलेली नव्हती. "दृष्ट?" ती म्हणाली. "कोणाची काढत होतात दृष्ट?"

सासूबाईंची नजर नको तितका वेळ झियावर थांबली.

"माझी?" झियाचा आवाज चढला. "मी? तुझ्यावर? कशावरून? त्या टोमॅटोंवरून? अगं ते टोमॅटो नाहीत, पाण्याचे फुगे आहेत! मी दया येऊन बोलले होते!"

"ऐकलंस?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "दया."

झियानं रिकामं पातेलं उचललं आणि गेली. या वेळी दोन्ही बाजूंना गाड्या बघून रस्ता ओलांडला.

त्या दिवसापासून सासूबाईंनी अंथरूण धरलं. आधी डोकं दुखत होतं, आता माणूसच दुखायला लागलं. आमच्या बायकोच्या मते मी असं काहीतरी केलं होतं जे महायुद्धालाही जमलं नव्हतं: तिच्या आईला आडवं पाडणं. सासूबाईंची नजर छताला असायची. एकदा चहा घेऊन गेलो तर म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याकडे काहीतरी आहे. समोर तीन मुलगे आहेत, गॅरेज आहे, पण माझ्याकडे असं काहीतरी आहे की ते बघून तिच्या पोटात दुखतं. त्यावर जगले मी. आणि तुझी आई म्हणते, काही नाहीच."

नजर लागणं परवडलं, पण कोणीच आपल्यावर जळत नाही ही कल्पना त्या माउलीला सोसेना. आता हिला बरं कशानं करायचं? जिच्या डोळ्यांत हेवा हवा होता, तिनंच नाही म्हणून सांगितलेलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी धीर करून समोर गेलो. झियानं दार उघडलं. स्वयंपाकघरात तिनं कॉफी ठेवली आणि माझ्यासमोर बसली.

"या, प्रोफेसर," ती म्हणाली. "दांडा वर, दांडा खाली."

मी कपातच बघत राहिलो. "झिया, तुला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. माझा मधला मुलगा रोज त्या कार पार्कमध्ये अडकतो. तुझ्या कंपनीला रोज शिव्या देतो."

"मग तू कोणाला सांगितलं कसं नाहीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या आईला नावं ठेवली होती. "माझ्या बहिणीचा जावई प्रोफेसर आहे, हे चर्चमध्ये तिच्यापेक्षा मी जास्त जणींना सांगितलंय. एक बाई म्हणाली, खरंच का? मी तिच्याशी अजून बोलत नाही. घरात आम्ही एकमेकींचे केस उपटू. बाहेरच्यांसमोर तिला खोटी पाडू?"

मग ती उठली आणि फळीवरून एक पितळी पातेलं काढून माझ्यापुढे ठेवलं. चकाकत होतं नुसतं.

"ती आधी इंग्लंडला निघाली. आईनं तिला ते शब्द दिले. दुसऱ्या वर्षी मी निघाले, तर मला हे दिलं. त्याच हिवाळ्यात आई गेली." तिनं पातेल्यावरून पदरासारखा ॲप्रन फिरवला. "हे मी दर शनिवारी घासते. दर शनिवारी मला वाटतं, हे तिनं न्यावं आणि मला ते शब्द द्यावेत. जळते? अरे, मी रोज सकाळी तिच्या दारातली ती रांग बघून कॉफीत साखर घालायला विसरते. पण टोमॅटोंवर? टोमॅटोंवर कोण जळेल!"

"मग हे तिला सांग ना, झिया. एवढंच सांग. ती बरी होईल."

"पन्नास वर्षं तोंड मिटून काढली, ते आता उघडू? तिच्यासमोर? जा, कॉफी संपव."

मी परत आलो. घरी काही बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची तुम्ही कल्पना करा.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळपासून आमच्या सिंकमध्ये खारवलेला कॉड मासा भिजत पडला होता, आणि तो शिजवणारी बाई सोफ्यावर शाल पांघरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुपारी बेल वाजली. झिया. चर्चला जायचा काळा कोट, केस या वेळी पूर्ण काळे, हातात तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची परात. ती कोट न काढताच सासूबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"कशी आहेस?"

"आहे."

"डोकं?"

"जागेवर आहे."

झियानं परात दोघींच्या मधे ठेवली. बायकोनं माझा हात इतका घट्ट धरला की मला बोटं मोजून घ्यावीशी वाटली.

"माझीच आहे," झिया म्हणाली.

"काय?"

"नजर. माझीच आहे. दुसऱ्या कोणाची असणार? तुझा हेवा करण्याइतकं तुला ओळखतंच कोण या रस्त्यावर?"

सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड हळूहळू वळवलं. "मिरच्या तर नाही म्हणाल्या."

"मिरच्या नागपूरच्या. त्यांना आपल्या गावची नजर काय कळतेय?"

"कशाची आहे?"

"शब्दांची. आईनं तुला दिले त्यांची. तुझ्या दारातल्या रांगेची. तुझी मुलगी तुझ्याच घरात राहते, माझे तिघे फोन करतात, त्याची. या तुझ्या जावयाची, काय असेल तो असो."

सासूबाईंच्या गालांवर रंग चढायला लागला. शाल खांद्यावरून घसरली. "आणि टोमॅटोंची?"

मी झियाकडे बघत होतो, ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं कोटाच्या आडून, कोणाला दिसणार नाही अशी, छातीवर क्रुसाची खूण केली.

"टोमॅटोंची पण," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त टोमॅटोंची."

सासूबाई उठल्या. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा आपण होऊन उठल्या. सूपची थाळी काढली, तेलाची बाटली काढली, झियाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. त्या दाराला अर्धी काच होती. मी आणि बायको हॉलमध्ये उभे राहिलो. आम्ही बघत नव्हतो, फक्त आमचे चेहरे काचेच्या दिशेला होते.

आधी बराच वेळ दोन डोकी एकमेकींना टेकलेली दिसली, आणि कुजबुज. ते शब्द मला ऐकू आले का? आले, असं मी पार्ट्यांमध्ये सांगतो. मग सासूबाई स्टुलावर बसल्या आणि झियानं त्यांच्या डोक्यावर थाळी धरली.

"करंगळी! करंगळी म्हटलं मी, अंगठा नाही!"

"करंगळीला संधिवात आहे माझ्या."

"मग दुसऱ्या हाताची वापर. आणि थाळी सरळ धर, माझ्या मानेत पाणी जातंय."

"आई तुझ्यावर अशीच ओरडली होती का शिकवताना?"

"आईनं मला थोबाडीत मारली होती."

थेंब पडले. काचेतून मला ते दिसले नाहीत, पण झियाचा चेहरा दिसला. तिनं थाळीत बघितलं, डोळे बारीक केले, पुन्हा बघितलं.

"पसरले," ती म्हणाली. "अरे देवा. केवढे पसरले!"

"किती?" सासूबाईंचा आवाज खणखणीत होता. "नीट बघ. किती पसरले?"

"पार काठापर्यंत."

"बघितलंस!" सासूबाई दाराकडे तोंड करून ओरडल्या. म्हणजे आम्ही तिथे आहोत हे त्यांना माहीत होतं. "काठापर्यंत!"

झियानं पुन्हा थेंब सोडले, पुन्हा पुटपुटली. मग तिचे ओठ थरथरले, हनुवटी खाली गेली, आणि तिला जांभई आली. पहिलीच होती, नवशिकी, जरा बिचकलेली. दुसरी मात्र अशी आली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते ती पुसेचना. तिला बघून सासूबाईंनाही जांभई आली. दोघी म्हाताऱ्या, एक उभी, एक बसलेली, मधे पाण्याची थाळी, तोंडं उघडी. आमच्या बायकोनं तोंडावर हात दाबला. या वेळी ती हसत नव्हती.

"कमी होतंय का?" झियानं विचारलं.

सासूबाईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कपाळ दाबून बघितलं. "होतंय. हलकं वाटतंय."

"थेंब अजून फाटतायत. अजून दोन-तीनदा करावं लागेल. सगळी काढून टाकते."

सासूबाईंनी वर हात करून तिचं मनगट धरलं.

"सगळी नको काढूस," त्या म्हणाल्या. "थोडी राहू दे."